न उडालेल्या विमानाची झीज

२ ऑक्टोबर १९५५, रविवार

सांधा पुन्हा ढिला! दांडी धरून मागे ओढली की शेपटी हलण्याआधी खट्ट असा आवाज होतो.

पाच वर्षं झाली, घरामागच्या तबेल्यात मी एका माणसापुरतं विमान बांधतो आहे. पार्ल्यात मला 'विमानवाले' म्हणतात, आणि म्हणताना हसतात. हसोत. पण जे विमान अजून जमिनीपासून वीतभरही वर गेलेलं नाही, त्याचे बुश झिजतात हे कुणाला सांगायचं? न घातलेल्या चपलेचा तळ झिजावा तसलाच हा प्रकार.

कुंदाने पोळ्या लाटता लाटता विचारलं, "अहो, बुश म्हणजे काय हो?" मी वैतागलेलो होतो. म्हटलं, "तुला नाही कळायचं, तू पोळीकडे बघ." खरं तर सांगायला अगदी सोपं आहे. चालवणाऱ्याच्या गुडघ्यांमध्ये एक दांडी असते. तिच्यापासून थेट शेपटीपर्यंत सळ्या जोडत नेलेल्या असतात. दर सांध्यात एक खीळ, आणि खिळीभोवती अंगठीएवढी नळी, तो बुश. खीळ झिजू नये म्हणून बुशाने झिजायचं, एवढंच त्याचं काम. पण बुश फार झिजला की सांधा डगडगतो, शेपटी चालवणाऱ्याचं ऐकेनाशी होते, आणि वर आकाशात शेपटीने ऐकलं नाही तर खाली उतरून दुरुस्ती करायची सोय नसते.

हे कुंदाला सांगायला काय हरकत होती? पण राग आला की माझी जीभ अशीच वाकडी चालते. वडिलांवर, अण्णांवर गेलोय.

अण्णा आज पुन्हा जेवले नाहीत धड. जुलैत अर्धांगाचा झटका आल्यापासून उजवा हात गेल्यातच जमा आहे. बोटं कशीबशी मिटतात, कोपरातून हात जरा आत ओढता येतो, पण पुढे ढकलता येत नाही. डॉक्टर म्हणतात हलवत राहा. अण्णा हलवत नाहीत. चाळीस वर्षं शाळेत ज्या हाताने फळा भरला, तो हात गादीवर ठेवून त्याच्याकडे बघत बसतात. बोलणंही अडखळतं. शांत असले तर हळूहळू नीट बोलतात, पण मनाला काही लागलं की शब्द घशात अडकतो तो अडकतोच.

९ ऑक्टोबर

अंधेरीला दशरथच्या वर्कशॉपात गेलो. दशरथ मालवणकडचा, लेथवर हात चांगला, तोंड त्याहून चांगलं. जुने फायबरचे बुश त्याच्या हातात ठेवले.

"सायबानू, तुमचा विमान खय खय जाऊन इला?" म्हणाला आणि पोटभर हसला.

तोफेच्या धातूचे, गनमेटलचे नवे बुश त्याने करून दिले. मी एक गोष्ट त्याला दाखवली: झीज सगळीकडे सारखी नाही, एकाच बाजूला आहे. दांडी मागे ओढताना ज्या अंगावर ताण येतो, फक्त त्या अंगाला. जणू कुणी नुसती ओढतंय, ढकलत नाहीच. दशरथ म्हणाला सळई तिरपी बसली असेल. मला पटलं. घरी येऊन सळई सरळ आहे का ते दोरा धरून पाहिलं. सरळच होती. तरी उगाच ठोकून बघितली.

दसरा

विमानाला झेंडूचा हार घातला, हत्यारांना हळदकुंकू वाहिलं. अण्णांना म्हटलं, "पूजेला चला ना तबेल्यात." ते खाटेवरूनच म्हणाले, "भिकेचे डोहाळे." हे दोन शब्द मात्र कधीही अडखळत नाहीत.

पाच वर्षांत त्यांनी तबेल्याचा उंबरा ओलांडलेला नाही. मीही आता बोलावणार नाही.

६ नोव्हेंबर

वाट लागली. गनमेटलही झिजलं. महिनासुद्धा झाला नाही! परत तेच अंग, तोच खट्ट. माझं डोकंच फिरलं. तसाच अंधेरीला गेलो आणि दशरथला नाही नाही ते बोललो. भंगार धातू वापरलास म्हणालो.

तोही तापला. "मी काय खोटा काम करतंय? तुमचा विमान अजून उडूक नाय आणि बुश झिजलो? मगे कोण भूत येऊन फिरवता काय ता बघा आधी!"

परतताना वाटलं, जुहूची वाळू असेल. दुपारचा वारा किनाऱ्यावरून बारीक वाळू आणतो, ती सांध्यात शिरत असेल. तबेल्याच्या फटींना गोणपाट ठोकलं. आत गेल्यावर विमानातल्या बसायच्या जागी चौघडी करून ठेवलेलं पांघरूण दिसलं. कुंदा वाळलेले कपडे कुठेही टाकते. आणि हल्ली कंबर धरली म्हणून कण्हतही असते. पाण्याच्या बादल्या उचलून होत असेल. म्हटलं, बाई लाव एखादी. तर म्हणे, "नको, होतंय सवयीने."

२१ नोव्हेंबर, सोमवार

संयुक्त महाराष्ट्रासाठी हरताळ. ऑफिस बंद. फोर्टात गोळीबार झाल्याचं संध्याकाळी कळलं, मन फार उदास झालं. दिवसभर तबेल्यात दुसरीकडून करून आणलेला बुशांचा तिसरा जोड बसवत होतो, त्यामुळे बाहेरचं काही कळलं नाही.

अण्णा आज भयंकर चिडलेले. दुपारी तीनदा काठी टेकत मागच्या दारापर्यंत आले, मला विमानाजवळ बघून परत फिरले. "काय हवंय?" विचारलं तर, "तू... तू..." एवढंच. कुंदा मला म्हणाली, "तुम्ही जरा बाहेर फिरून का येत नाही?" हरताळाच्या दिवशी! बायकांचं डोकं कसं चालतं देव जाणे. रविवारीही हे असंच होतं. मी घरी असलो की अण्णांना मी नकोसा होतो. हे माझ्या मनाला लागतं, खोटं कशाला लिहू?

११ डिसेंबर

दोन बातम्या. एक चांगली, एक घाई करणारी.

चांगली ही, की अण्णांनी आज उजव्या हाताने चहाचा कप धरला. थोडा सांडला, पण धरला! मी बघतच राहिलो. वैद्यांच्या तेलाला यश आलं म्हणायचं. तळहात तेवढा काळा झालाय, नव्या काठीच्या मुठीचा रंग लागत असणार. कुंदा म्हणाली, "मामंजी हल्ली रोज दुपारी विष्णुसहस्रनाम म्हणतात. सबंध. कुठेही न अडखळता." मला आश्चर्य वाटलं. झटक्यापासून जपमाळ त्यांच्या बोटांत राहत नाही. म्हटलं, "मग हिशेब कशावर ठेवतात?" तर म्हणे, "असाच." आणि उठून आत गेली.

घाईची बातमी चंद्रप्रकाशची. हा जुहूच्या फ्लाइंग क्लबात शिकवतो. माझं विमान पहिल्यांदा वर नेऊन दाखवायला तयार झालेला जगात हा एकच माणूस. मला स्वतःला उडवता येत नाही, मला फक्त बांधता येतं. आज सायकलवरून आला आणि म्हणाला, "यार नंदू, मला आसामात नोकरी लागली. फेब्रुवारीत चाललो. त्याच्या आत तुझी चिमणी पास करून घे, मी झकास वर नेतो." पास म्हणजे विमानखात्याचे साहेब येऊन तपासणार, त्यांनी हो म्हटलं तरच उडायची परवानगी. त्यात घरमालकाला पाडव्यापासून तबेला गोदामासाठी हवाय. म्हणजे जानेवारीत झालं तर झालं, नाहीतर पंख सुटे करून भंगारात. आणि चंद्रप्रकाशने सहज दांडी ओढली तर खट्ट! तिसरा जोडही गेला. त्याचं हसणं थांबलं. म्हणाला, "हे असताना मी बसणार नाही हं. मला पोरं आहेत."

८ जानेवारी १९५६

तीन रविवार चोरबाजार पालथा घातला तेव्हा युद्धातल्या एका विमानाच्या मोडक्या सांगाड्यातून काशाचा एक गज मिळाला. खरा विमानाचा धातू. एका जोडापुरताच. पुन्हा मिळणार नाही असं विकणाराच म्हणाला.

दशरथकडे तोंड पाडून गेलो. त्याने आधी चहा पाजला, मग काम केलं. आज बसवले. दांडी हलवली, शेपटी अशी मऊ उठली की माझे डोळे भरून आले. आवाज नाही, डगडग नाही. साहेब २९ तारखेला येणार आहेत. आता याच्यापुढे माझ्या हातात काही नाही.

१७ जानेवारी, मंगळवार

मुंबई महाराष्ट्राला नाही, असं काल जाहीर झालं आणि आज शहर पेटलं. ऑफिसने अकरालाच घरी पाठवलं. मिळेल त्या वाहनाने, बाकी पायी, भर दुपारी पार्ल्याला पोचलो. पुढच्या दाराला कडी. मागे वळलो.

तबेल्याचं दार अर्धं उघडं होतं. त्यातून आधी शेपटी दिसली. तिची फळी वर गेली, थांबली, धप्पकन खाली पडली. पुन्हा वर. पुन्हा खाली. मला दशरथचं भूत आठवलं, खरंच सांगतो.

पुढे सरकून पाहिलं. विमानात अण्णा बसले होते. खाली चौघडी पांघरूण, डोळे मिटलेले, उजव्या हाताची काळी पडलेली बोटं दांडीच्या काळ्या रबरी मुठीभोवती. एक नाम घ्यायचे आणि दांडी पोटाशी ओढायचे. हात सैल सोडला की शेपटीच्या वजनाने दांडी आपोआप पुढे जायची. मग पुढचं नाम. स्वर खणखणीत, शाळेत कविता म्हणायचे तसा. जपमाळ ओढता येत नाही, तर माझ्या विमानाची दांडी ओढत होते. एका नामाला एक हिसका. हजार नामं. रोज.

कुंदा उलट्या खोक्यावर बसून तांदूळ निवडत होती.

मला आधी राग आला. माझा शेवटचा धातू! आत जाऊन ओरडणार होतो. पण त्यांच्या तोंडावर जे होतं ते मी झटक्यानंतर पाहिलं नव्हतं. झटक्याआधीही पाहिलं होतं का, कुणास ठाऊक. मी तसाच मागच्या मागे फिरलो, स्टेशनजवळच्या इराण्याकडे बसलो आणि रोजच्या वेळेला घरी आलो. कुंदाने विचारलं, "गाड्या चालू होत्या?" म्हटलं, "हो."

१८ जानेवारी

कुंदाशी बोललो. ती रडली.

"डॉक्टर सांगून थकले, तुम्ही सांगून थकलात, मामंजींनी हात हलवला नाही. श्रावणात एकदा म्हणाले, मला त्याचं विमान दाखव, पण त्याला सांगशील तर माझी शपथ आहे. आत बसवलं, दांडी हातात दिली, आणि हात हलला हो! मग रोजचंच झालं. मीच उचलून बसवते, मीच उतरवते."

"त्याने बुश झिजतो, कुंदा."

"लोखंडाला एका म्हाताऱ्याच्या हाताने काय होणार, असं वाटलं. मी विचारलं होतं तुम्हाला. तुम्ही म्हणालात तुला नाही कळायचं."

मी उठून कुलूप शोधायला लागलो.

संध्याकाळी जेवताना मोठ्याने जाहीर केलं, "तबेल्यात रंग लावलाय. ओला आहे. तपासणी होईपर्यंत कुणी आत जायचं नाही." कुलूपही लावलं. अण्णा पानाकडे बघत "बरं" म्हणाले.

बाराच दिवसांचा प्रश्न आहे. मग बसा की म्हणावं, हवे तेवढे बसा.

२२ जानेवारी

बाराच दिवस म्हणायला सोपं होतं. अण्णांचं सहस्रनाम बंद झालं. परवा कप हातातून सुटला. आज हात पुन्हा गादीवर, आणि ते पुन्हा त्याच्याकडे बघत बसलेत.

मी एक युक्ती केली. खाटेला लाकडी दांडी बसवली, खाली सायकलच्या ट्यूबचं रबर बांधलं, ओढली की मागे यावी अशी. म्हटलं, "अण्णा, हाताला व्यायाम." त्यांनी एकदा दांडीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. कुंदाने आज तिच्यावर टॉवेल वाळत घातलाय.

कुलपाची किल्ली माझ्या जानव्याला आहे. बुश तपासला. नऊ दिवसांची झीज आहे, पण नखाला लागेल न लागेल इतकीच. तपासणाऱ्याच्या हाताला जाणवते की नाही, त्यावर सगळं आहे. मी कुठल्या बाजूने प्रार्थना करावी हेच कळेनासं झालंय.

२९ जानेवारी

साहेब आले. तरुण, सभ्य माणूस. पंख पाहिले, इंजिन पाहिलं, माझ्या कामाची मनापासून तारीफ केली. चंद्रप्रकाश मागून मला डोळे मिचकावत होता. मग ते आत बसले आणि दांडी धरून बराच वेळ अगदी हळू हलवत राहिले. उतरले आणि म्हणाले, "हा सांधा खोला."

बुश तळहातावर घेऊन उजेडात धरला. "किती तास उडालंय?"

"एकदाही नाही, साहेब."

"मग ही झीज कशाची? नवा बुश, चांगला धातू, आणि एकाच अंगाने झिजलाय. कारण काय?"

कारण दारातच उभं होतं. कुंदाचा आधार घेऊन अण्णा आले होते. पाच वर्षांनी माझ्यादेखत प्रथमच. खरं सांगितलं असतं तर कदाचित साहेबांनी मानलंही असतं. पण चारचौघांत, त्या माणसाच्या तोंडावर, 'माझे वडील रोज चोरून' हे शब्द मला उच्चारता आले नाहीत. म्हटलं, "मीच सराव करत होतो, साहेब."

"इतका? फक्त ओढायचा?" ते हसले नाहीत. "माफ करा, मला कारण पटत नाही. जो सांधा जमिनीवर इतका झिजतो तो हवेत किती झिजेल? जोडणीतच दोष असणार. तो शोधा, नवे बुश घाला, मग कळवा."

तेवढ्यात अण्णा पुढे आले. काठी सोडून उजवा हात उचलायचा प्रयत्न करत होते. "मी... मी... साहेब, मी..." चेहरा लाल झाला, मानेच्या शिरा ताठल्या, पण पुढचा शब्द निघेना. साहेबांनी अदबीने हात जोडले. "नमस्कार, नमस्कार, बसा आपण." कुंदाने त्यांना धरून बाहेर नेलं. नमस्कारच करायचा असेल बिचाऱ्यांना, पाहुण्याला तसं सोडत नाहीत ते.

चंद्रप्रकाशने साहेबांना खूप विनवलं. त्यांच्या जागी मी असतो तर मीही नाहीच म्हटलं असतं.

५ फेब्रुवारी, रविवार

चंद्रप्रकाश काल गेला. जाताना मिठी मारून म्हणाला, "यार, पुढच्या वर्षी." पुढच्या वर्षी तबेला नाही, तो धातू नाही, तो स्वतः नाही. हे त्यालाही माहीत होतं.

दुःख झालं, पण एक गोष्ट तरी आता माझ्या हातात आहे असं वाटलं. पाडव्याला अजून अवकाश आहे. तोवर विमान उभंच आहे. सकाळी कुलूप काढलं, आत झाडलं, पांघरुणाची चौघडी करून बसायच्या जागी ठेवली. मग अण्णांजवळ जाऊन खाटेच्या कडेला बसलो. आयुष्यात त्यांच्याशी इतक्या मऊपणे बोललो नसेन.

म्हटलं, "अण्णा, मला सगळं ठाऊक आहे. मी रागावलेलो नाही. चला, मी उचलून बसवतो तुम्हाला. आता बुशाची काळजी नाही, हवं तेवढं ओढा. ते विमान आता उडायचं नाही."

त्यांनी ओठ हलवले. मला वाटलं शब्द अडकला. पण अडकला नव्हता. हळूहळू, एकेक शब्द नीट लावून म्हणाले,

"उडणार होतं, म्हणून बसत होतो रे."

आणि डाव्या हाताने उजवा हात उचलून त्यांनी पांघरुणाखाली ठेवून दिला.